साहेब, जरा ‘इंटरफिअर’ करता का?

सप्रेम नमस्कार.

मी एका कंपनीच्या हिशेब विभागात आहे. शिक्षण सगळं मराठीतून. इंग्रजी वाचताना अडत नाही, लिहिताना मात्र घाम फुटतो. आमच्या विभागातल्या दोघांचं महिनाभर बिनसलंय. एकाने बिलं तपासायची, दुसरीने ती मंजुरीला लावायची, असं काम. आता दोघं एकमेकांशी फक्त मेलवर बोलतात आणि बिलं माझ्या टेबलावर साचतात. शेवटी मी साहेबांना मेल टाकली, ‘सर, काइंडली इंटरफिअर द मॅटर.’ साहेबांचं उत्तर आलं, ‘आय ट्राय नॉट टु इंटरफिअर. बट हॅपी टु हेल्प.’ पुढे हसरा चेहरा. मला काही कळेना. शेजारची म्हणाली, ‘इंटरव्हीन’ हवं होतं. दुसरा म्हणाला, ‘इंटरव्हीन इन’. तिसऱ्याचं म्हणणं ‘इंटु’. त्यानंतर मीटिंगमध्ये एकाचं बोलणं चालू असताना धीर करून ‘सॉरी टु इंटरव्हीन’ म्हणाले, तर समोरचा गालातल्या गालात हसला. नेमकं बरोबर काय? आणि साहेबांना आता खुलाशाची मेल पाठवू का?

— मधल्या मध्ये अडकलेली

ताई,

आधी निकाल सांगते, कारण उद्या सकाळी परत मेल लिहायची वेळ आली तर हाताशी असावा. तुमचा दुसरा सहकारी बरोबर आहे. ‘इंटरव्हीन इन द मॅटर’. ‘इंटरव्हीन द मॅटर’ नाही, आणि ‘इंटु’ तर नाहीच.

आता जरा बसून बोलू.

‘इंटरव्हीन’ हे अकर्मक क्रियापद आहे. शाळेतलं व्याकरण आठवून कपाळाला आठ्या घालू नका. मराठीत करून बघा. ‘मी भांडण सोडवलं’ म्हणता येतं. ‘मी भांडण मध्ये पडले’ म्हणता येत नाही, ‘भांडणात मध्ये पडले’ असंच म्हणावं लागतं. तो ‘-त’ गाळला की वाक्य लंगडतं. इंग्रजीतला ‘इन’ म्हणजे तोच ‘-त’. आणि ज्याला कर्म नाही त्याचा कर्मणी प्रयोगही होत नाही, म्हणून ‘द मॅटर वॉज इंटरव्हीन्ड बाय सर’ हे जे कार्यालयीन कागदांत सर्रास दिसतं तेही चूक. ‘सर इंटरव्हीन्ड इन द मॅटर’ एवढंच. सरांना वाक्याच्या तोंडाशी बसवायचं, सरांनाही बरं वाटतं.

मग आपल्याकडच्या बऱ्यावाईट सगळ्या मेल्समध्ये तो ‘इन’ का गळतो? मला वाटतं दोष ‘करणे’चा आहे. आपण ‘हस्तक्षेप करणे’ म्हणतो. कर्म तिथे आधीच बसलेलं असतं, तो ‘हस्तक्षेप’च. इंग्रजीत जाताना हे दोन शब्द एकात कोंबले जातात, कर्माची जागा रिकामी दिसते आणि आपण तिथे घाईघाईने ‘मॅटर’ आणून बसवतो. याच्या नेमकी उलट गंमत ‘डिस्कस’ची. चर्चा आपल्याकडे कशाविषयी तरी होते, म्हणून आपण ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. तिथे ‘अबाउट’ नको असताना घालतो, इथे ‘इन’ हवा असताना गाळतो. हिशेब विभागातल्या माणसाला सांगायला नको, एकीकडे जास्तीची नोंद आणि दुसरीकडे कमी, तरी ताळेबंद जुळत नाहीच.

‘इन’शिवाय इतरही शब्द त्याच्यामागे येतात, ते एकदा कानावरून जाऊ द्या. दोन माणसांच्या मध्ये पडलात तर ‘बिट्वीन’: ‘शी इंटरव्हीन्ड बिट्वीन द टू’. कोणासाठी तरी पडलात तर ‘ऑन बिहाफ ऑफ’. काहीतरी थांबवायला पडलात तर सरळ ‘टु’: ‘ही इंटरव्हीन्ड टु स्टॉप द फाइट’. आणि उच्चार करताना जोर शेवटच्या ‘व्हीन’वर. नाम झालं की तो सरकून ‘व्हेन्’वर जातो, इंटरव्हेन्शन. नामालाही ‘इन’च लागतो: ‘युअर इंटरव्हेन्शन इन धिस मॅटर’.

आता साहेबांच्या हसऱ्या चेहऱ्याकडे येते. कारण खरी गोष्ट तिथे आहे, ‘इन’ हा तर किरकोळ मामला.

‘इंटरव्हीन’ लॅटिनमधून आला. ‘इंटर’ म्हणजे मध्ये, ‘व्हेनिरे’ म्हणजे येणे. मध्ये येणे, बस्स. याच ‘येण्या’तून इंग्रजीत केवढं गोत जमलंय बघा: एकत्र येणं ते ‘कन्व्हेन्शन’, अवचित समोर येणं, सापडणं यातून ‘इन्व्हेन्ट’, आणि आधीच येऊन उभं राहणं म्हणून ‘प्रिव्हेन्ट’. तर ‘इंटरव्हीन’मध्ये मूळचा ना चांगुलपणा आहे ना आगाऊपणा. कोणी तरी मध्ये आलं. भले आलं, बुरे आलं, शब्द काही बोलत नाही. माणूसच यावा असंही नाही. दोन घटनांमधली वर्षं ‘इंटरव्हीनिंग यीअर्स’ असतात, आपण ज्याला मध्यंतरीची वर्षं म्हणतो. सामना रंगात आला असताना पाऊस आला तर तोही ‘इंटरव्हीन’ होतो. आपण म्हणतो ना, ‘ठरलं होतं सगळं, पण मध्ये पाऊस आला’, तोच हा.

‘इंटरफिअर’चं कुळ वेगळं. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या पोटात आहे मारणं, आदळणं. एकमेकांना ठोसे देणं म्हणा ना. इंग्रजीत तो आरंभी घोड्यांच्या बाबतीत फार वापरला जायचा आणि घोड्यांच्या धंद्यातली माणसं अजूनही वापरतात. घोडा चालताना त्याचा एक खूर दुसऱ्या पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या आसपास घासतो. रोज घासतो. आधी तिथले केस जातात, मग कातडी सोलवटते, मग जखम. घोडा वाईट नाही, चाल वाईट. त्याला म्हणायचं, ‘द हॉर्स इंटरफिअर्स’. मला हा शब्द कधी चुकू नये म्हणून मी तो सोललेला पाय डोळ्यांपुढे ठेवलाय. चांगला चाललेला पाय आणि त्याला सारखा येऊन लागणारा दुसरा. पुढे थॉमस यंगने १८०१-०२ च्या सुमारास प्रकाशाच्या लाटा एकमेकींवर येऊन कुठे उजेड वाढवतात, कुठे विझवतात हे सांगताना हाच शब्द घेतला, ‘इंटरफिअरन्स’. आपल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत त्याला ‘व्यतिकरण’ म्हणतात. विज्ञानात तो सभ्य झाला. माणसांच्या बाबतीत मात्र नाही.

म्हणजे तुम्ही साहेबांना लिहिलंत काय? ‘साहेब, कृपया यात नाक खुपसा.’ किंवा ‘जरा लुडबूड करता का?’ त्यांनी लिहिलं, ‘मी शक्यतो लुडबूड करत नाही, पण मदत आनंदाने करीन.’ उत्तर चोख आहे, आणि माणूस समंजस वाटतो. त्यांनी चूक दुरुस्त करायला व्याकरण नाही शिकवलं, शब्द उचलून परत तुमच्या हातात दिला. असा साहेब मला वीस वर्षांपूर्वी भेटला असता तर बरं झालं असतं.

ही गफलत तुमची एकटीची नाही आणि इंग्रजी कच्चं असल्यामुळे झालेली तर मुळीच नाही. ती मराठी पक्की असल्यामुळे झालीय. आपला ‘हस्तक्षेप’ हा एकच शब्द दोन्हीकडे राबतो. ‘न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर काम सुरू झालं’ यात हस्तक्षेप चांगला. ‘वरिष्ठांच्या हस्तक्षेपाला कंटाळून राजीनामा’ यात वाईट. शब्द तोच, हात तोच. फक्त तो मदतीला आला की अंगावर, हे पुढचं वाक्य वाचल्यावर कळतं. इंग्रजीत या दोन हातांना दोन नावं आहेत. पहिला ‘इंटरव्हेन्शन’, दुसरा ‘इंटरफिअरन्स’. शब्दकोशात ‘हस्तक्षेप करणे’ शोधलंत तर दोन्ही शेजारी शेजारी सापडतील, जणू जुळी भावंडं. कोशकाराचा नाइलाज असतो, पण वाचणाऱ्याची फसगत होते.

आणि गंमत अशी, की हात अनेकदा खरोखरच एकच असतो. सासूबाईंनी दोन जावांच्या वादात तोंड घातलं. त्या स्वतः सांगताना म्हणतील, मी मध्ये पडले म्हणून निभावलं. धाकटी सांगेल, यांना कोणी बोलावलं होतं? इंग्रजीत पहिलीचं क्रियापद ‘इंटरव्हीन्ड’, दुसरीचं ‘इंटरफिअर्ड’. घडलं एकच. तेव्हा ‘या दोन शब्दांत फरक काय?’ असं कोणी विचारलं की मी अर्थाचा फरक सांगायच्या आधी विचारते, सांगतंय कोण? स्वतःच्या करणीला कोणी ‘आय इंटरफिअर्ड’ म्हणत नाही, म्हटलंच तर माफी मागताना. आणि विनंती करताना तर तो शब्द येऊच शकत नाही. दुसऱ्याला ‘तुम्ही आगाऊपणा करा’ अशी विनंती कशी करणार?

मराठीतला आपला जुना, घरचा शब्द बघा: ‘मध्ये पडणे’. लॅटिनवाले मध्ये ‘आले’, आपण मध्ये ‘पडलो’. या पडण्यात जोखीम आहे. मध्ये पडणाऱ्याला दोन्हीकडून लागतं हे आपल्या भाषेला ठाऊक होतं. उलट ‘मध्ये येणे’ शब्दशः घेतलं तर ‘इंटरव्हीन’, पण मराठीत ‘तू माझ्या मध्ये येऊ नकोस’ म्हटलं की ती धमकी होते. म्हणून शब्दाचा नुसता सांगाडा उचलून चालत नाही, त्यावरचं मांसही बघावं लागतं.

जाता जाता एक सावधगिरी, कारण ही चूक हसण्यावारी जात नाही. ‘इंटरफिअर’च्या मागे ‘इन’ आला तर लुडबूड. ‘विथ’ आला तर अडथळा: ‘द नॉइज इंटरफिअर्स विथ माय वर्क’, या गोंगाटाने कामात व्यत्यय येतो. इथवर ठीक. पण ‘विथ’च्या पुढे माणूस आला की अर्थ काळवंडतो. साक्षीदार आला तर त्याला धमकावणं किंवा फोडणं. आणि ब्रिटिश इंग्रजीत मूल किंवा बाई आली तर लैंगिक गैरवर्तन. तिथली वर्तमानपत्रं ती गोष्ट उघड लिहायची नसली की वर्षानुवर्षं याच शब्दाआड लिहीत आली. तेव्हा उद्या त्या बिलं तपासणाऱ्याबद्दल तक्रार लिहायची झाली तर ‘ही इंटरफिअर्ड विथ हर’ असं चुकूनही लिहू नका. ‘विथ हर वर्क’ लिहा. तो एक ‘वर्क’ गाळलात तर भलताच आरोप लागेल.

यातला साक्षीदार मी स्वतः भोगलाय. भाषांतराच्या कामाला नुकती लागले होते. जामिनाच्या एका आदेशात अट होती की आरोपीने ‘शॅल नॉट इंटरफिअर विथ द विटनेसेस’. मी ऐटीत लिहिलं, ‘आरोपीने साक्षीदारांच्या कामात ढवळाढवळ करू नये.’ कागद तपासणाऱ्या वयस्कर वकीलबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘साक्षीदारांचं काय गं काम असतं? विहीर खणतात?’ मग स्वतःच खोडून लिहिलं, ‘साक्षीदारांवर दबाव आणू नये.’ तो खोडलेला कागद मी बरीच वर्षं जपून ठेवला होता.

इतकं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, ठरलं, ‘इंटरव्हीन’ सोज्ज्वळ आणि ‘इंटरफिअर’ दुष्ट. घरात, कचेरीत हे खपून जाईल. देशादेशांच्या व्यवहारात मात्र पारडं फिरतं, आणि ते मला फार रंजक वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर २६ जून १९४५ रोजी सह्या झाल्या. तिच्या दुसऱ्या कलमाचा सातवा भाग म्हणतो की ज्या बाबी मुळात एखाद्या राष्ट्राच्या अंतर्गत अधिकारातल्या आहेत त्यांत ‘इंटरव्हीन’ करण्याचा अधिकार ही सनद देत नाही. (‘इंटरव्हीन इन मॅटर्स’ असंच आहे तिथे. ‘इन’वरून कोणी वाद घातला तर ही सनद दाखवा.) भारत-चीन यांच्या १९५४ च्या करारातली पंचशील तत्त्वं घ्या, तिथे एकमेकांच्या अंतर्गत बाबतींत ‘नॉन-इंटरफिअरन्स’ आहे. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘हस्तक्षेप’च. पण आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ साली निकारागुआ विरुद्ध अमेरिका या खटल्यात म्हटलं की मनाई असलेल्या ‘इंटरव्हेन्शन’चं मर्म सक्तीत आहे, जबरदस्तीत आहे. म्हणजे तिथे ‘इंटरव्हेन्शन’ हा वजनदार शब्द, प्रसंगी रणगाड्यांसकट. आणि ‘इंटरफिअरन्स’ त्या मानाने हलका. दुसऱ्याच्या निवडणुकीवर शेरेबाजी केली तर ‘इंटरफिअरन्स’चा ओरडा होईल. सैन्य घुसवलं तर ‘इंटरव्हेन्शन’. वर्तमानपत्र वाचताना हे ध्यानात असू द्या.

याचा तुमच्या मेलशी संबंध आहे, म्हणून सांगितलं. ‘इंटरव्हीन’ वाईट नसला तरी जड आहे. न्यायालयं इंटरव्हीन करतात, मध्यवर्ती बँका चलनाच्या बाजारात इंटरव्हीन करतात, पोलीस करतात. एखाद्या खटल्यात तिसऱ्याच माणसाला आपलं म्हणणं मांडायचं असेल तर तो रीतसर अर्ज करून ‘इंटरव्हीनर’ होतो. बिलं अडली म्हणून साहेबांना ‘काइंडली इंटरव्हीन’ लिहिलंत तर चूक काही नाही, पण डास मारायला तोफ आणल्यासारखं होतं. आणि त्या दोघांपैकी कोणाला ती मेल पुढे पाठवली गेली तर? ‘हिने साहेबांना मध्ये घातलं’ हेच त्यांना दिसणार.

मराठीत साहेबांसमोर उभ्या राहिला असतात तर काय म्हणाला असतात? ‘साहेब, हस्तक्षेप करा’ म्हणाला असतात? नाही. ‘साहेब, जरा लक्ष घाला’ म्हणाला असतात. हा आपला खास शब्द. बघण्यापेक्षा जास्त, मध्ये पडण्यापेक्षा कमी, आणि साहेबांनी नेमकं काय करायचं ते साहेबांवर सोडलेलं. ‘लक्ष घालणे’ला इंग्रजीत सगळ्यात जवळचा ‘लुक इंटु’. तुमच्या तिसऱ्या सहकाऱ्याचा ‘इंटु’ इथून आलेला दिसतो; बिचाऱ्याने चांगला शब्द चुकीच्या दाराशी नेऊन ठेवला. फक्त ‘लुक इंटु’मध्ये चौकशीचा वास आहे. कोणाचं चुकलं ते शोधा, असा. तुम्हाला चौकशी हवीय का? बहुधा नको, बिलं सुटायला हवीत.

बोलण्यातला शब्द हवा असेल तर ‘स्टेप इन’. सुटसुटीत, मोकळा, आणि लगेच करायच्या मदतीचा. ‘कुड यू स्टेप इन?’ साहेब रागावणार नाहीत आणि घाबरणारही नाहीत. ऐनवेळी कोणाची जागा भरून काढली तरी ‘स्टेप इन’च म्हणतात, वक्ता आजारी पडला आणि दुसरा उभा राहिला, तसं. मागचा शब्द तेवढा सांभाळा. ‘स्टेप अप’ म्हणजे पुढे होऊन जबाबदारी घेणं, आणि ‘स्टेप डाऊन’ म्हणजे पद सोडणं. ‘सर, प्लीज स्टेप डाऊन’ लिहिलंत तर हसरा चेहरा येणार नाही.

बाकीचे झटपट. दोघांना समोरासमोर बसवून तोडगा काढायचा असेल तर ‘मीडिएट’, आपली मध्यस्थी किंवा शिष्टाई. याला कर्म चालतं, ‘मीडिएट द डिस्प्यूट’ बिनधास्त लिहा. पण मध्यस्थ निकाल देत नाही. निकाल देतो तो लवाद, त्याचं क्रियापद ‘आर्बिट्रेट’. आणि वरच्याकडे कोणासाठी शब्द टाकायचा असेल तर ‘इंटरसीड’. याला मराठीत ‘रदबदली’ हा इतका देखणा शब्द आहे आणि तो आपण जवळजवळ टाकून दिलाय. तुमच्या बॅचमधल्या कोणाची रजा नामंजूर झाली आणि तुम्ही साहेबांकडे तिच्या वतीने बोललात, तर ती रदबदली.

राहिलं मीटिंगमधलं ‘सॉरी टु इंटरव्हीन’. रोजच्या बोलण्यात तिथे ‘सॉरी टु इंटरप्ट’ हवं होतं, हे खरं. ‘इंटरप्ट’च्या पोटात तोडणं आहे, दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडणं. तुम्ही तेच केलंत. पण तुमच्यावर हसणाऱ्याने फार खूश व्हायचं कारण नाही. ब्रिटिश संसदेत एका सदस्याचं भाषण चालू असताना दुसरा उठून मध्येच बोलू पाहतो, बोलणारा त्याला वाट देतो आणि तो थोडक्यात आपलं म्हणणं मांडून खाली बसतो, त्या मध्ये बोलण्याचं अधिकृत नाव ‘इंटरव्हेन्शन’च आहे. तेव्हा तुमचं वाक्य चूक नव्हतं, जरा जास्तच ऐटीचं होतं. आणि समजा त्या मीटिंगमध्ये दोघं हमरीतुमरीवर आले असते आणि तुम्ही हात वर करून तेच म्हणाला असतात, तर कोणी हसलंच नसतं.

आता मेल. माझं मत विचाराल तर या सगळ्या क्रियापदांची तुम्हाला गरजच नाही. ‘मध्ये पडा’ हे सांगणं म्हणजे साहेबांच्या गळ्यात सगळं भांडण घालणं. त्यांना कुठून धरायचं तेच कळत नाही, मग ते ‘हॅपी टु हेल्प’ लिहून वाट बघत बसतात. त्यांनी नेमकं काय करायला हवंय ते लिहा. तुमच्या पत्रावरून मला दिसतंय ते असं: तपासणं कुठे संपतं आणि मंजुरी कुठे सुरू होते हे ठरलेलं नाही, म्हणून बिलं मध्ये पडून आहेत. तर लिहा:

‘सर, थँक यू. द बिल्स आर गेटिंग डिलेड बिकॉज इट इज नॉट क्लिअर हू शुड डू द फायनल चेक. कुड यू प्लीज स्पीक टु बोथ ऑफ देम अँड डिसाइड?’

तीन वाक्यं. कोणाचं भांडण, कोणाचा स्वभाव, कोण कोणाशी बोलत नाही, यातलं काही नाही. ही मेल त्या दोघांच्या हाती पडली तरी कोणाला टोचणार नाही. किती बिलं आणि किती दिवसांची ते खाली जोडा, आकडे तुमच्याकडे असतीलच. ‘काइंडली’ची सवय असेल तर ‘प्लीज’च्या जागी तो चालेल, दोन्ही एकदम घालू नका.

यानंतरही दोन आठवड्यांत काही हललं नाही आणि लेखी, जरा करड्या सुरात लिहायची वेळ आली, तर मग जड शब्द बाहेर काढा: ‘आय रिक्वेस्ट युअर इंटरव्हेन्शन इन धिस मॅटर.’ तेव्हा तो शोभेल.

खुलाशाची मेल नको. ‘मला इंटरफिअर म्हणायचं नव्हतं, इंटरव्हीन म्हणायचं होतं’ असं लिहून तुम्ही त्यांना एक विसरलेला विनोद परत वाचायला लावाल. वरच्या तीन वाक्यांतलं ‘थँक यू’ पुरे आहे, ते त्यांच्या ‘हॅपी टु हेल्प’ला दिलेलं उत्तर आहे. आणि बिलं सुटली की कळवा, मला त्या बिलं तपासणाऱ्याचं पुढे काय झालं याची उगाच उत्सुकता आहे. याला इंग्रजीत काय म्हणतात ते तुम्हाला आता माहीत आहे.